शोरूमला सावली हवी, वर्कशॉपला वारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छत्रपती संभाजीनगरजवळ पश्चिमेच्या रस्त्याकडे तोंड करून चारचाकीचं शोरूम बांधायचंय, साधारण ४,५०० चौरस फूट. मागे ९,५०० चौरस फुटांची वर्कशॉपची शेड, १४ बे (प्रत्येकी एक गाडी दुरुस्तीला घ्यायची जागा), एक पेंट बूथ (गाडी रंगवायची बंद खोली). एसीवाल्याने शोरूमला ३४ टन सांगितलेत आणि वर्कशॉपही ‘सेंट्रल करून टाका’ म्हणतोय. वाहन कंपनीला समोर सलग काच हवी. वीजबिल झेपेल असं हे कसं जमवायचं?

आधी एसीवाल्याची बाजू घेतो. नकाशात जी इमारत आहे तिला ३४ टन लागतीलच, त्याचा हिशेब चुकलेला नाही. गडबड इमारतीत आहे. आणि काच, छप्पर, दिवे यांच्या ऑर्डरी अजून गेलेल्या नाहीत म्हणता, तर हे दुरुस्त करण्याचा सगळ्यात स्वस्त महिना हाच.

सुरुवात काचेपासून. समोर ७० चौरस मीटर काच आहे आणि ती पश्चिमेला. मे महिन्यात दुपारी साडेचारला त्या काचेच्या प्रत्येक चौरस मीटरवर ६०० वॅटच्या वर ऊन पडतं. साधी ६ मिलिमीटरची काच त्यातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त आत सोडते. म्हणजे ३४ किलोवॅट, त्यावर बाहेरच्या गरम हवेने काचेतून झिरपणारे सहा. एका टनाला साडेतीन किलोवॅट धरा. नुसती काच साडेअकरा टन खाऊन बसली, अजून आत एक माणूस आलेला नाही.

यावर आर्किटेक्ट हमखास छज्जा सुचवतात. दक्षिणेच्या खिडकीला छज्जा उत्तम, पश्चिमेला तो जवळपास शोभेचा. साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून ३०-३५ अंशांवर असतो, त्यामुळे एक मीटर बाहेर काढलेला छज्जा जेमतेम ६५ सेंटिमीटर काच झाकतो. तुमची काच पाच मीटर उंच आहे. ती झाकायला साडेसात मीटरचा पोर्च लागेल. जागा असेल तर तो जरूर करा, टेस्ट ड्राइव्हच्या गाड्या त्याखाली उभ्या राहतील. जागा नसेल तर पैसे काचेत घाला.

काच घेताना ‘डबल ग्लेझ्ड आहे साहेब’ एवढ्यावर समाधान मानू नका. दोन साध्या काचांमध्ये पोकळी ठेवली तर गरम हवेची झिरप कमी होते, ऊन मात्र बऱ्यापैकी तसंच आत येतं. बघायचा आकडा एसएचजीसी, म्हणजे पडलेल्या उन्हातला किती हिस्सा उष्णता होऊन आत येतो तो. बीईई, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता संस्थेच्या, २०१७ च्या ईसीबीसीत (इमारतींच्या वीजबचतीच्या नियमावलीत) उत्तर सोडून बाकी दिशांना ०.२७ ची मर्यादा दिलेली आहे. तीच धरा. त्याच्या शेजारी व्हीएलटी, म्हणजे आतबाहेर किती दिसतं, तो ४० टक्क्यांच्या वर ठेवा. दोन्ही अटी पाळणारी लो-ई (उष्णता परतवणारा अदृश्य थर दिलेली) डबल काच मिळते आणि रस्त्यावरून गाडी स्वच्छ दिसते, त्यामुळे वाहन कंपनीच्या लोकांनाही हरकत घ्यायला जागा राहत नाही. या काचेने साडेअकरा टनांचे चारच्या आत येतात. साध्या काचेवर आरशासारखी फिल्म चिकटवणं हा मला न आवडणारा उपाय आहे. दिवसा गाडी दिसतच नाही, समोरच्याला स्वतःचं तोंड दिसतं. शिवाय फिल्मने काच असमान तापते आणि कडेला तडे जाताना मी पाहिलेत.

मग छप्पर. मेच्या दुपारी उघडा पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापतो. खाली जिप्समचं फॉल्स सीलिंग लावलं की मालकाला वाटतं उष्णता अडली. ती थोडीच अडते, बाकीची सीलिंगमधून खाली येते आणि माणसाच्या डोक्याला जाणवते. एसी २४ वर असूनही लोक ‘गार वाटत नाही’ म्हणतात ते यामुळे. तुमच्या छताचा हिशेब साडेनऊ टनांचा निघतो. ७५ मिलिमीटरचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) वापरलंत तर दीड टनावर येईल.

दिव्यांचं लवकर आटपतो. गाडीचा रंग चमकवायला लावलेले मेटल हॅलाइड आता कुणी घेत नाही, पण एलईडीतही डेकोरेटर चौरस मीटरला २५-३० वॅट सहज भरतो. दहा वॅट पुरतात, फक्त दिवा गाडीवर रोखलेला हवा, फरशीवर नको. इथे दोन-अडीच टन वाचतात आणि दिव्यांची स्वतःची वीज वेगळी.

काच, छप्पर, दिवे, शिवाय माणसं, ताजी हवा, भिंती आणि दारातून होणारी गळती एवढं धरून शोरूम साडेबारा टनांच्या आसपास बसतं. राखीव धरून १६ टन बसवा. ३४ आणि १६ मधल्या फरकाच्या यंत्रांचे, केबलचे, जनरेटरचे आणि डिमांड चार्जचे (कमाल वीजभारावर लागणाऱ्या आकाराचे) पैसे एकत्र मांडलेत तर महागड्या काचेचा बराचसा खर्च तिथेच निघतो. माझ्या आकडेमोडीवर विसंबू नका, तुमच्या नकाशावर तासागणिक हिशेब करून घ्या. छताचा भार दोन-तीनच्या सुमारास सर्वाधिक असतो, काचेचा साडेचारला. दोन्ही एकाच वेळी धरून केलेली बेरीज पुन्हा फुगते.

आता एक कबुली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका दुमजली उंचीच्या शोरूममध्ये मीच डिफ्युजर, म्हणजे गार हवा सोडणारी तोंडं, छताला लावले आणि परतीच्या हवेची जाळीही छतालाच. नकाशावर छान दिसत होतं. प्रत्यक्षात सात मीटर वरची गरम हवा यंत्र ओढत होतं, ती गार करून वरच सोडत होतं आणि खाली सेल्सची मुलं रुमालाने घाम पुसत होती. गरम हवा वर साचते, तिला तिथेच राहू द्यायचं. माणूस वावरतो तो खालचा अडीच-तीन मीटरचा थर. गार हवा बाजूच्या भिंतीतून तीन मीटरवरून आडवी फेका, परतीची जाळी खाली, गुडघ्याच्या उंचीला घ्या. वरची ३२-३३ अंशांची हवा तिथेच राहिली तर कुणाला फरक पडत नाही. त्या शोरूममध्ये आम्ही यंत्र बदललंच नाही, फक्त परतीचा डक्ट खाली आणला, आणि तक्रारी थांबल्या.

दाराचा विषय आपल्याकडे वेगळा आहे, परदेशी पुस्तकांत तो सापडत नाही. डिलिव्हरी! गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा. एका गाडीला आठ-दहा माणसं, पूजेचं ताट, चाकाखाली लिंबू, नारळ, कापूर, फोटो, मग गाडी चालू करून काचेच्या दारातून बाहेर. दसऱ्याला अशा ३०-४० गाड्या. दार दिवसभर उघडं, ऑक्टोबरचं ऊन, आणि आत चालू इंजिनाचा धूर. नवरात्राच्या आधीचे पंधरा दिवस पितृपक्षाचे, तेव्हा शोरूममध्ये कर्मचारी आणि शांतता. एकाच यंत्राला दोन्ही टोकं सांभाळायची आहेत.

म्हणून डिलिव्हरीला वेगळा बे द्या. शोरूमच्या कडेला, उत्तरेकडे, काचेच्या भिंतीने तोडलेला, स्वतःच्या रॅम्पसह. तिथे पूर्ण एसी नको, मोठे पंखे आणि जाता-येता थोडी गार हवा पुरते. धुराला स्वतंत्र एग्झॉस्ट द्या. पूजा दहा मिनिटांची असते, तेवढ्यात कुणी वितळत नाही. एवढं केलंत की शोरूमचं गाडीचं मोठं दार महिन्यातून दोन-चारदाच, डिस्प्लेची गाडी बदलायला उघडेल. माणसांच्या दाराला दोन दारांमधली छोटी खोली करा. एअर कर्टन (दारावर हवेचा पडदा सोडणारा पंखा) बसवायचा तर दाराच्या पूर्ण रुंदीचा बसवा. अर्ध्या रुंदीचा कर्टन म्हणजे एक बाही नसलेला रेनकोट.

यंत्र कुठलंही चांगलं इन्व्हर्टर व्हीआरएफ, म्हणजे गरजेप्रमाणे कमी-जास्त चालणारी एसी यंत्रणा, चालेल. ब्रँडवर वाद घालण्यात वेळ दवडू नका, अर्ध्या लोडवर ते किती वीज घेतं तो तक्ता मागा, कारण वर्षातले बहुतेक दिवस ते अर्ध्यावरच चालणार आहे. तापमान २५-२६ ठेवा आणि वर संथ पंखे फिरवा. बीईईचा अंदाज असा की एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. सेल्स मॅनेजरच्या हातातला रिमोट मात्र काढून घ्यावा लागेल, आणि हे काम कन्सल्टंटचं नाही, मालकाचं.

ताज्या हवेबद्दल एक गंमत. तुमच्या शोरूमला अ‍ॅश्रेच्या ६२.१ मानकाने (अमेरिकी एसी अभियंत्यांच्या संघटनेचं, ताज्या हवेबद्दलचं) ७६५ सीएफएमच्या, म्हणजे मिनिटाला तेवढ्या घनफुटांच्या, आसपास बाहेरची हवा लागते. संभाजीनगरची मेमधली ४२ अंशांची हवा आत घेऊन गार करायला जवळपास दोन टन खर्च होतात. हेच शोरूम ठाण्यात असतं तर ३४ अंशांच्या हवेला साडेचार टन लागले असते. पारा कमी, खर्च दुपटीहून जास्त. कारण तिथल्या हवेत ओल आहे आणि ती हवा गार करताना एसीची निम्म्याहून जास्त ताकद ओल पिळून काढण्यात जाते. तुमची हवा तापलेली असली तरी कोरडी आहे, आणि हाच कोरडेपणा वर्कशॉपमध्ये तुमच्या कामी येणार आहे. ताज्या हवेचा पंखा सीओटू (माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) मोजणाऱ्या सेन्सरवर चालवा, म्हणजे पितृपक्षात तो आपोआप मंद होईल.

आता वर्कशॉप. इथे तुमच्या एसीवाल्याशी माझं अजिबात जमणार नाही.

वर्कशॉपमधून हवा बाहेर फेकावीच लागते. त्याच मानकात गाडी दुरुस्तीच्या जागेसाठी चौरस फुटाला दीड सीएफएम उपसा सांगितलाय, म्हणजे तुमच्याकडे १४,२५० सीएफएम. शोरूमच्या ताज्या हवेचा हिशेब इथे लावून बघा: नुसती फेकून द्यायची हवा गार करायला ३७ टन. त्यावर छप्पर, तापलेली इंजिनं, दिवसभर उघडी शटरं. हे सेंट्रल एसी म्हणजे चाळणीत पाणी भरणं. उपसा बंद करून एसी लावायचा विचार तर मनातही आणू नका. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो.

पहिलं काम धूर जिथे निघतो तिथेच पकडायचं. ज्या बेमध्ये इंजिन चालू ठेवून काम होतं, तिथे वरच्या रुळावर सरकणारा होज घ्या, सायलेन्सरला लावायचा. एका कारला ३००-४०० सीएफएम ओढ पुरते. चौदाही बेला नको, चार-पाच ठिकाणी पुरे. होज गरम हवा सहन करणारा हवा आणि मेकॅनिकच्या हाताशी लोंबणारा हवा. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला होज ऑडिटच्या दिवशीच खाली येतो. पंख्याचं बटण होजच्या झडपेला जोडा, म्हणजे झडप उघडली की पंखा चालू. उरलेला सामान्य उपसा भिंतीतल्या पंख्यांनी करा, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) सेन्सरवर वेग बदलणाऱ्या. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते, कारण वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सकाळी नऊला गाड्या रांगेने आत येतात तेव्हा पूर्ण वेग, दुपारी जेवणाच्या सुट्टीत अगदी मंद.

पिट, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा, असेल तर त्याला तळातून वेगळा उपसा द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात बसते आणि छताच्या पंख्याला तिचा पत्ताही लागत नाही.

गारव्यासाठी आपल्या आजोबांचा वाळ्याचा पडदाच, फक्त मोठा. डक्टवाले कूलर. तुमच्याकडे मेच्या दुपारी कोरडा पारा ४२ आणि वेट बल्ब, म्हणजे पाणी उडून हवा जास्तीत जास्त जेवढी गार होऊ शकते तो पारा, २३ च्या आसपास. कूलरमधलं चांगलं ओलं पॅड त्या १९ अंशांच्या फरकातलं ८५ टक्के अंतर कापतं, म्हणजे २६ अंशांची हवा मिळते. ती संपूर्ण शेडभर उधळू नका. प्रत्येक बेवर एक तोंड काढा, ९०० सीएफएमचं, मेकॅनिकच्या खांद्याच्या उंचीकडे वळवता येणारं. चौदा बेचे १२,६०० होतात. उपसा १४,२५०, पुरवठा १२,६००. उरलेली हवा शटरमधून येईल आणि शेड कायम किंचित उपाशी राहील. हे मुद्दाम, कारण पुढे सांगतो. पंखे आणि पंप धरून सगळं मिळून चार किलोवॅटच्या आसपास चालतं.

पाण्याचा हिशेब मात्र मराठवाड्यात आधी करावा लागतो. भर उन्हात ही यंत्रणा तासाला सुमारे २०० लिटर पाणी घेईल, क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायच्या पाण्यासह. आठ तासांचे सोळाशे. बोअरचं जड पाणी थेट पॅडवर सोडलंत तर दोन हंगामांत त्याचा दगड होतो. चांगलं पाणी कूलरला ठेवा आणि गाड्या धुवायला ईटीपीमधून (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेतून) फिरवलेलं वापरा. उलटं कधीच करू नका, धुलाईचं पाणी कूलरमध्ये गेलं की ते माणसांच्या फुप्फुसात जातं.

जून उजाडला की कूलर कुचकामी होतो. तेव्हा पंप बंद आणि पंखे चालू, नुसता वारा. त्या दिवसांत छताखालचे मोठे संथ पंखे, २०-२४ फुटांचे, उपयोगी पडतात. एक पंखा दीड किलोवॅटच्या आत चालतो आणि मोठा पट्टा हलता ठेवतो. पण एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय हेच पंखे लावलेत तर ४० अंशांची हवा अंगावर मारतील. कातडीच्या तापमानाच्या वर गेलेला वारा म्हणजे झळ. आणि लिफ्टवर चढवलेल्या गाडीचं छत पात्याला लागणार नाही एवढी उंची आधी मोजा. हसू नका, एका ठिकाणी हे पंखा बसवल्यावर लक्षात आलं होतं.

शेडच्या पत्र्याखालीही इन्सुलेशन हवंच. वर रिज व्हेंट, म्हणजे आढ्यावर गरम हवा जायला फट, द्या, लांबीभर. छतावर फिरणारे टर्बो व्हेंटिलेटर बघायला छान वाटतात, पण वारा पडलेल्या दुपारी, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हा, ते फारसं काही उपसत नाहीत. एसी फक्त तीन ठिकाणी द्या: इंजिन-गिअरबॉक्स उघडायची धूळमुक्त खोली, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीची खोली आणि सुपरवायझरची केबिन.

पेंट बूथ ही या गोष्टीतली लपलेली भूक. सात बाय चार मीटरच्या बूथमध्ये हवा वरून खाली सेकंदाला पाव मीटर वेगाने जरी उतरवली तरी १४,८०० सीएफएम होतात. म्हणजे एकटा बूथ सगळ्या वर्कशॉपपेक्षा जास्त हवा फेकतो. त्याला बाहेरून स्वतःची हवा घेऊ द्या, शेडमधून अजिबात नको. मी पाहिलेल्या एका डीलरकडे बूथचा येणाऱ्या हवेचा फिल्टर चोंदला होता आणि तो शेडमधून हवा ओढत होता. शेड शोरूममधून ओढत होती, आणि शोरूमच्या दाराला फटीतून शिट्टी वाजत होती. एसी पुरत नाही म्हणून मला बोलावलं होतं. चार हजारांचा फिल्टर बदलला. बूथला फवारणी, सुकवणं आणि भट्टी अशा तिन्ही वेळांसाठी पंख्याचा वेगळा वेग ठेवा. भट्टीच्या वेळी बहुतेक गरम हवा पुन्हा फिरवायची असते. पेंटरला मास्क देऊन हवा वाचवायचा शहाणपणा करू नका, टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगातली आयसोसायनेट ही रसायनं दमा लावतात. चिमणी मात्र शोरूमच्या आउटडोअर युनिटपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणजे तुमच्याकडे ती पूर्वेच्या टोकाला. रंगाचा तुषार कंडेन्सरच्या पत्र्यांवर एकदा बसला की धुऊन निघत नाही.

एअर कॉम्प्रेसरही शेडबाहेर, सावलीत ठेवा. तो जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. आणि रविवारी सगळं बंद असताना तो चालू ठेवून अर्धा तास शेजारी बसा. कुणीही हवा वापरत नसताना तो मधूनमधून सुरू होत असेल, तर तेवढी तुमची गळती आहे.

शेडच्या छतावर सोलर घ्या, पण शेवटी. आपल्याकडे एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाला १,४०० युनिटच्या आसपास देतात, आणि तुमचा कमाल लोड दुपारचाच असल्याने ते जुळतंही. फक्त आधी लोड कमी करा, नाहीतर साध्या काचेतून येणारं ऊन बाहेर काढायला छतावरचं ऊन विकत घेतल्यासारखं होईल.

राहिली ती शेड उपाशी ठेवायची गोष्ट. शोरूममध्ये हवेचा दाब किंचित जास्त, वर्कशॉपमध्ये किंचित कमी, मग डिझेलचा आणि थिनरचा वास ग्राहकापर्यंत येत नाही. दोन्हींच्या मधल्या दारालाही आपोआप मिटणारी दोन दारं हवीत. हे तपासायला भारी उपकरण लागत नाही. काम ताब्यात घेण्याच्या दिवशी ते मधलं दार बोटभर उघडून फटीशी उदबत्ती धरा. धूर वर्कशॉपकडे वळला पाहिजे. एकदा बूथ बंद असताना बघा, एकदा चालू असताना, आणि एकदा सगळी शटरं वर करून. तिन्ही वेळा वळला तरच ठेकेदाराचा शेवटचा हप्ता द्या.